तळघरातला एक तास

प्रिय ढम्या,

फोन न करता पत्र पाठवलं म्हणून कपाळाला आठ्या घालू नकोस. फोनवर आपलं बोलणं हल्ली धड होतच नाही. तू पुटपुटतोस, मी "काय? काय?" करत बसते, मग तू वैतागून "राहू दे गं आत्या" म्हणतोस आणि ठेवून देतोस. कागद तुला मधेच ठेवून देता येणार नाही, निदान शेवटपर्यंत वाचशील. विषय तोच आहे. रेडिओवाल्या बाईंना तुझ्या वाजवण्याचं एक तासाचं रेकॉर्डिंग हवंय आणि तू साफ नाही म्हणालास. काल त्यांचा पुन्हा निरोप आला. मी त्यांना काय सांगू? की आमच्या भाच्याला वाजवायला आवडतं, पण कोणी ऐकलं की त्याच्या पोटात दुखतं?

तुझी जाहिरात करायची म्हणजे काय, हे एकदा माझ्या छपाईच्या दुकानात बसून बघ. पहिल्या पोस्टरवर मी हौसेनं मोठ्या अक्षरांत 'ड्रम अँड बेस' असं संगीताच्या प्रकाराचं नाव छापलं, तर तुझं तोंड एवढंसं झालं. आपलं ते नव्हेच म्हणे. आपली म्हणजे त्यातल्या एका फांदीची फांदी, जिच्यातले ड्रम तू जवळजवळ सगळे काढून टाकलेस आणि नुसता खालचा, घुमणारा आवाज तेवढा ठेवलास. बरं, तिचं नाव काय? नाव नाही, कारण नाव दिलं की नकला करणारे येतात. पत्ता? छापायचा नाही, ज्याला यायचंय तो शोधत येईल. मग तुझं नाव तरी? छे! अरे, मग मी छापू काय, माझं कपाळ? शेवटी अख्खा काळा कागद आणि खाली बारीक अक्षरांत 'शनिवार', एवढंच छापलं. ते बघून तुझ्या वडिलांनी मला विचारलं, "ताई, शाई सांडली का गं?" मग कंटाळून मीच त्या प्रकाराला 'तळ' म्हणायला लागले. आता पोरं मलाच येऊन समजावतात की आम्ही फक्त तळ ऐकतो. त्यावरूनही तू महिनाभर रुसून बसलास.

गालिच्यांच्या गोदामाखालचं तळघर तुला कोणी मिळवून दिलं? मीच. मालकाला सांगितलं होतं की संगीताचा वर्ग आहे. पहिल्याच शनिवारी तुझ्या आवाजाच्या हादऱ्यानं वरचे उभे करून ठेवलेले गालिचे एकामागून एक आडवे व्हायला लागले, तेव्हा तो धावत खाली आला. त्याला चहा पाजून, गोड बोलून परत वर पाठवता पाठवता माझ्या नाकी नऊ आले. एवढं करून लोक यायला लागले, जिन्यापर्यंत रांग गेली, तर एखादा आनंदानं नाचला असता. तू मात्र माझ्याजवळ येऊन घरात आग लागल्यासारखा कुजबुजलास, "आत्या, हे फार पसरतंय." तुला त्या वेळी जिन्यावरून ढकलून दिलं नाही, ते केवळ तू माझ्या भावाचा एकुलता एक मुलगा आहेस म्हणून.

आणि तो स्पीकर! खोलीत आवाज कुठे नीट बसतो हे बघायला तू टाळ्या वाजवत कोपरान् कोपरा हिंडलास, आणि डावा स्पीकर नेमका दाराला खेटून आला. त्याच्या बाजूला माझं स्टूल. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर कानात घालायचे बोळे ठेवायचे, हे माझं काम. मी स्वतः ते घातले असते तर कोण काय विचारतंय ते कसं कळलं असतं? शिवाय खरं सांगू का, मला ते तसंच आवडायचं. सुरुवातीला वाटायचं शेजारी कोणीतरी भिंत पाडतंय. मग एका शनिवारी तू मधेच सगळं थांबवलंस, आणि तो आवाज हळूच परत आला, आधी स्टुलाच्या पायांतून, मग माझ्या पाठीतून. तुझे आतोबा गेल्यापासून घरातला शुकशुकाट मला खायला उठायचा. त्या संध्याकाळी मी घरी गेले आणि प्रथमच दिवा चालू न ठेवता झोपले. हे तुला कधी सांगितलं नाही, तू लगेच शेफारला असतास.

म्हणून गेल्या शनिवारी तू सगळ्या पोरांदेखत जे बोललास ते मला फार लागलं. हल्ली मी स्टूल सोडून जिन्यावर जाऊन बसते हे तुला दिसलं, आणि तू विचारलंस, "तुलाच ऐकवत नाही, तर लोकांना कशाला बोलावतेस?" अरे, तुझ्या त्या नियमासाठी मी किती जणांशी भांडलेय! हे संगीत घरी ऐकायचं नाही, त्याच खोलीत उभं राहून ऐकायचं, असं तू एकदा म्हणालास आणि मी ते शिरसावंद्य मानलं. त्या दातांच्या दवाखान्यातल्या मुलीनं चोरून फोनवर टिपून घेतलं, तर तिच्यासमोर उभं राहून मीच ते पुसायला लावलं. बिचारी रडकुंडीला आली होती. तेव्हा ते पुसलं नसतं तर किती बरं झालं असतं असं आज वाटतं.

तर आता ऐक, आणि लगेच धावत येऊ नकोस. रेडिओवाल्या बाईंना मी उद्या नाही म्हणून कळवते. त्यांच्या निमित्तानं मलाही एक प्रत मिळेल, एवढाच माझा डाव होता. मी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. डाव्या कानात सतत शिट्टी वाजते, आणि वरच्या पट्टीतले आवाज दोन्ही कानांतून गेलेत: पाखरं, दुकानाच्या दाराची घंटा, फोनवरचं तुझं पुटपुटणं. गेलेलं परत येत नाही. खालचे आवाज शाबूत आहेत, पण ते टिकवायचे तर तळघरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही, अशी सक्त ताकीद आहे. यात तुझा दोष शोधत बसू नकोस. स्टूल हलवू नये म्हणून कोणी माझे हात धरले नव्हते. कानात शिट्टी वाजायला लागेपर्यंत मलाच तिथून उठावंसं वाटलं नाही. डॉक्टरांच्या कान तपासायच्या बंद खोलीत वरचा एकेक आवाज ऐकू येईनासा झाला, आणि सगळ्यात शेवटी अगदी खालचा, जाडसर आवाज मात्र लख्ख आला. तेव्हा मला हसूच आलं, हा तर माझ्या भाच्याचा. मला तो एक तास दे, ढम्या. आतोबांच्या जुन्या स्पीकरवर हात ठेवून, आवाज बारीक करून, मी एकटी ऐकेन. कोणाला ऐकवणार नाही, कोणाला बोलावणार नाही. त्यावर नाव नको, पत्ता नको. काळ्या कागदात गुंडाळून दारात ठेव, मला कळेल कोणाचं आहे ते.

तुला अजूनही जिन्यावरून ढकलू शकेल अशी,
तुझीच,
आत्या