ताईच्या स्थळाचा फोटो आणि माझी शेवटची व्यवस्था

मी, सौरभ दशरथ ओव्हाळ, वय सव्वीस, राहणार विश्रांतवाडी, पुणे, शिक्षण बारावी (दोनदा), धंदा लग्नांचे फोटो आणि उरलेला वेळ भटकणे, पूर्ण शुद्धीत, कुणीही न शिकवता हे लिहून ठेवतो. मंगळवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले काळजी नको, आणि लगेच पाच ठिकाणी सह्या घेतल्या.

१. मोटारसायकल, जो चालू करेल त्याची. हिमालयात स्पितीला नेली तेव्हा कुरकुरली नाही, खडकवासल्याहून मात्र दोनदा ढकलत आणली. असो.

२. कॅमेरा, फ्लॅश आणि बँकेत असेल ते सगळे माझी मोठी बहीण मैत्री हिला.

३. वडील श्री. दशरथ ओव्हाळ यांना काही देऊ नये. कारण असे. तीन वर्षांपूर्वी ताईचा स्थळासाठी फोटो काढला. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून चालतं, म्हणून सावळ्या चेहऱ्यावर धरलं की उजेड थोडा कमी करावा लागतो. तसं केलं, फ्लॅश छताकडे वळवला, उजेड वरून मऊ पडला. ताई होती तशी आली, म्हणजे देखणी. पप्पा म्हणाले, "ही कोण, कोळशाच्या वखारीतली? उजळ कर. एवढं महागाचं मशीन कशाला घेतलंय?"

मी केली. फ्लॅश सरळ तोंडावर, वर दोन स्टॉप जास्त, म्हणजे उजेड चौपट. नाक गेलं, हनुवटीवरचा व्रण गेला, उरली एक दुधाची पिशवी. मुलाकडचे आले. ताई पोहे घेऊन बाहेर आली, तर मुलाची आई म्हणाली, "ही थोरली वाटतं? फोटोतल्या धाकटीला बोलवा की." पोहे मात्र संपवून गेले.

४. आता नवं स्थळ आहे आणि पप्पांनी तोच फोटो पुन्हा शोधून काढलाय. म्हणून पहिला, खरा फोटो मी आज परस्पर मुलाकडे पाठवला. पप्पांना हे इथंच कळेल. त्यांचा चेहरा बघायला मी नसेन, तेवढंच वाईट वाटतं.

५. वरचं कलम ताईला वाचून दाखवलं. वाटलं, रडेल. ती म्हणाली, "पांढरी पण तूच केलीस, काळी पण तूच पाठवलीस. मला विचारलंस कधी? मला कुणापुढे बसायचंच नाहीये, सौऱ्या." मी म्हटलं, मग काय करू? म्हणाली, "मर आधी. भिंतीवर तुझा कुठला फोटो लावायचा ते मी ठरवते. तुला नाही विचारणार."

तिने निवडलाही. फ्लॅश तोंडावर, डोळे मिटलेले, चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा डाग. तोच लावावा. घरच्या कुणीही हरकत घेऊ नये. मी घेतलेली नाही.

सही: सौरभ द. ओव्हाळ
पुणे, १२ जून २०२५

वरील सही आमच्यासमोर झाली:
रंगनाथ शेवते, कॅमेरा दुरुस्ती, बुधवार पेठ
स्पृहा भालेराव, शेजारीण