दह्यापुरता रस्ता

आप्पा, काल तुमच्या नातीला गाडीची किल्ली दिली. लायसन्स मिळाल्यापासून ती मैत्रिणींबरोबर ताम्हिणी घाटात जायचं म्हणतेय. त्याला मी साफ नाही म्हटलं. लवळ्याला कॉलेजात जाते म्हणाली, तेव्हा मात्र हातांचं पीठही न धुता किल्ली पुढे केली. ती हसली. म्हणाली, "आई, आप्पांचा जीव काय घाटात गेला होता का?"

घाट म्हटलं की तुम्हीच दिसता. चढ लागायच्या आधी गाडी थांबवताय, नारळ फोडताय, खोबऱ्याचा तुकडा प्रत्येकाच्या हातावर ठेवताय. मग सीटचा पट्टा. पुढे कुणी बोलायचं नाही. आईनं मळमळतंय हेसुद्धा खुणेनंच सांगायचं. परतताना धरणाचं पाणी दिसलं की तुम्ही पट्टा काढायचात. मग तो पाठीमागून खाचेत अडकवून ठेवायचात, म्हणजे गाडी ओरडत नाही. मी वर्षानुवर्षं रागावले. पेपरातले अपघातांचे आकडे वाचून दाखवले, की माणसं रोजच्या सरळ रस्त्यावरच जास्त जातात. "त्या आकड्यातल्या मान्सांना आपला रस्ता कुटं ठावं हाय?" तुम्ही म्हणायचात. "मी हितं बैलगाडी हाकलीय."

आता मला तुमचा राग येत नाही. दरी डोळ्यांना दिसते, म्हणून माणूस जपतो. आपल्या रोजच्या सूसच्या रस्त्यावर भरदुपारी सोसायटीच्या फाटकातून मागे मागे येणारा टेम्पो, त्याला कोण नारळ फोडणार?

त्या दिवशी पाहुणे जेवायला यायचे होते आणि दही कमी पडलं. तुम्ही गाडीत बसलात. मी पिशवी द्यायला खिडकीशी आले, तर तुम्ही अर्धवट उठून पाठीमागचा पट्टा सोडवत होता. गुडघा दुखत होता, बटण सापडत नव्हतं. माझ्याकडे बघून म्हणालात, "लावतो बाई, तुजं ऐकतो एकदाचं." भात गॅसवर होता. मी म्हटलं, "राहू द्या आप्पा, दह्यापुरतं तर जायचंय."

तुम्ही हात काढून घेतलात.

घरात सगळे अजून म्हणतात, आप्पा कुणाचं ऐकायचे नाहीत. तुमची नातही तेच म्हणते. काल ती फाटकाबाहेर पडताना मी धावत जाऊन तिचा पट्टा ओढून बघितला, पण तुम्ही शेवटी माझं ऐकलं होतं, हे काही तिला सांगितलं नाही.