त्या बाईचा फोन

दादा, मला आता अरबी येते. तुम्हाला हसूच येईल. तुम्ही आखातातून फोन करून मला आभाराचं 'शुक्रान' म्हणायला लावायचात आणि मागून आई ओरडायची, भाकरी करपाया लागली, पुरं करा तुमची अरबी. तुम्हाला तिचं ओरडणं आवडायचं. म्हणायचात, तुझी आई कावली की घरी आल्यागत वाटतं. श्रीगोंद्याच्या साखर कारखान्यातला वेल्डर, सीझन संपला की हातावर हात धरून बसावं लागतं म्हणून तिकडे गेला, एवढाच आपल्या घराचा त्या भाषेशी संबंध.

मी दहावीत होते. भर दुपारी तुमच्या नंबरवरून फोन आला आणि एक बाई अरबीत बोलायला लागली. आईचे हात पिठाचे, फोन मी तिच्या कानाला धरलेला. तिनं दोनदा हॅलो केलं आणि मग तिचा पारा चढला. "कोण गं बया तू? माझ्या नवऱ्याचा फोन तुझ्याकडं कसा?" ती बाई चिडली नाही. एकच वाक्य पुन्हा पुन्हा, समजूत काढल्यासारखं म्हणत राहिली. आईनं मला फोन बंद करायला लावला. परत वाजला, परत बंद केला. रात्री ती जेवली नाही. तुझ्या बापानं तिकडं दुसरा संसार थाटलाय, म्हणाली. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा फोन आला, की तुम्ही कामावर उंचावरून पडलात, दवाखान्यात नेलं आणि काल दुपारीच गेलात.

आई रडून रडून थकली की एवढंच विचारायची, ती बाई काय सांगत व्हती गं? कुणाला विचारणार? म्हणून मी अरबी धरली. भावकीनं तोंडात बोटं घातली. बौद्धाची पोरगी, नर्सिंग करायचं सोडून हे काय खूळ! नगरला एक निवृत्त मास्तर शिकवायचे. पहिले काही महिने त्यांनी मला नुसता घसा साफ करायला लावला, इतकी माझी घशातली अक्षरं चुकायची. पुढे वाचता यायला लागलं, लिहिता आलं, पण मोबाईलवर बातम्या लावल्या की सगळा गलका. सर म्हणायचे, कान सगळ्यात उशिरा तयार होतो, घाई करू नकोस. त्यांना मी तो फोन सांगितला होता. त्यांनी शब्द विचारले, पण शब्द राहिलेच नव्हते. नुसती त्या वाक्याची चाल राहिली होती.

आता मी सुप्याच्या एका कंपनीत आहे. आमचे पंप आखातात जातात आणि तिकडच्या गिऱ्हाइकांशी मी फोनवर बोलते. मागच्या महिन्यात एकाला फोन लावला, तर त्याच्या म्हाताऱ्या आईनं उचलला. लेकाचे हात ग्रीसनं भरलेत म्हणाली, फोन त्याच्या कानाला लावला आणि मला सांगितलं, "बोल बाई, त्याच्या कानाशी धरलाय. तो ऐकतोय." तेच वाक्य, दादा. तीच चाल. मी पंपाचे भाव कसेबसे सांगितले आणि कँटीनच्या मागे जाऊन हमसून हमसून रडले.

म्हणजे तुम्ही ऐकत होतात. शेजारच्या खाटेपाशी बसलेली कुणीतरी असेल, तिला तुमची दया आली असेल. तुम्हाला बोलता येत नव्हतं का हो? घरचं माणूस बोलतंय म्हणून तिनं धीर धरला आणि आम्ही तुमच्या कानात भांडण ओतलं. मी मनाला समजावते, की तुम्हाला आईचं ओरडणं आवडायचं, तुम्हाला घरी आल्यागत वाटलं असेल. दिवसा ते पटतं. आईला वाचता येतं, म्हणून हे पत्र मला फाडावंच लागेल.

परवा आई गुडघे शेकत बसली होती. मध्येच म्हणाली, "इतकी वर्सं शिकतीयास, ती बाई काय म्हणत व्हती, उमगलं का न्हाई अजून?"

मी म्हटलं, "न्हाई गं आई. तेवढी अरबी मला अजून येत न्हाई."