काळी की तांबडी

८ फेब्रुवारी
काल भजनात अप्पा गाताना पुन्हा मृदंगाच्या पुढे धावले! त्यांचा अभंग संपला, टाळ आपले चालूच. सगळे खाली माना घालून बसले. अप्पांना पत्ताही नाही. कान गेले ते गेलेच, आणि मशीन लावलं की म्हणे डोक्यात गिरणी सुरू होते. डबीत पडलंय.

मृदंग वाजवणाऱ्या राममूर्तीमामांनी मला बाहेर बोलावून सांगितलं — रामनवमीला गायला पुढे टाळकऱ्यांतल्या एकोजीला बसवू. गोड बोलून सांगितलं, म्हणून जास्तच राग आला. मी जन्मायच्या आधीपासून त्या जागेवर अप्पा बसतात!

बरं आहे, घरात हे कोणी वाचणार नाही. धाकटा भाऊ विघ्नेश तमिळच वाचतो, त्याला देवनागरी म्हणजे मुंग्यांची रांग. अप्पांना येतं, पण ते दुसऱ्याचं वाचत नाहीत.

११ फेब्रुवारी
ओरत्तनाडूला चुलतबहिणीचं, गायत्रीचं लग्न. मांडवात ऑर्केस्ट्रा. अप्पा अगदी समोर बसलेले, आणि त्यांचा हात मांडीवर — नेमका तालात! एक मात्रा चुकली नाही. मी बघतच राहिले. बेस! खालचा आवाज पोचतोय त्यांना! कॉलेजच्या बँडमध्ये मी बेस गिटारच तर वाजवायचे. त्या आनंदात वाढायला आलेल्या पायसमला चक्क नको म्हटलं. मी!

१५ फेब्रुवारी
भजनात अप्पांशेजारी वाजवायला बेस गिटार घ्यायचीच. तिरुच्चीच्या दुकानात दोन पाहिल्या. एकाच कंपनीच्या, जुळ्या बहिणी — एक काळी, एक तांबडी. काळीची मान आखूड, अंग हलकं, आवाज मऊ. तांबडीची मान लांब, पोटात बॅटरी, आणि जाड तार छेडली की काउंटरची काच थरथरते.

उभं राहून दोन्ही छान. पण भजनात उभं कोण राहतं? मी सरळ फरशीवर मांडी घालून बसले. दुकानवाल्या वेंकटेशला वाटलं माझं काहीतरी पडलं — तोही खाली वाकून शोधायला लागला! मांडीवर काळी शहाण्या बाळासारखी बसते. तांबडी मान टाकते. डाव्या हातानं तिला सावरायचं की सूर दाबायचे?

१६ फेब्रुवारी
काळीच.

१७ फेब्रुवारी
छे, तांबडी. आवाजासाठी तर घेतेय! माझा हात दुखला तर दुखू दे.

१९ फेब्रुवारी
शाळेत गणिताच्या तासाला फळ्यावर दोन गिटारी काढल्या. पोरं हसली. घरी विघ्नेश इडली चावत म्हणाला, अक्का, अप्पांसाठी घेतेस ना, मग त्यांनाच विचार की. एवढं साधं मला सुचू नये!

२२ फेब्रुवारी
अप्पांना नेलं. तेही धोतर सावरत माझ्याशेजारी फरशीवर बसले. वेंकटेशनं आता मुकाट्यानं वर्तमानपत्र अंथरलं. अप्पांनी लाकडावर तळवा ठेवला. काळी वाजवली — चेहरा कोरा. तांबडी वाजवली. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हीच."

झालं! मी मूर्ख आठवडाभर डोकं फोडत होते. बसमध्ये गिटार त्यांनी मला धरूच दिली नाही.

७ मार्च
बोटांना फोड. तांबडी अजून मान टाकते, पट्ट्याला रबर लावून पाहिलं, तसूभर फरक नाही. तरी हात बसतोय.

मामांना विचारायला गेले. भजन करायचंय की सिनेमाचा ऑर्केस्ट्रा, म्हणाले. मी हट्टानं ओसरीवरून उठलेच नाही. शेवटी कबूल झाले — एक शनिवार बघू, आवाज बारीक ठेव. नीट झालं तर रामनवमीला अप्पाच.

२० मार्च
उद्या. देवा, माझं चुकू दे, त्यांचं नको.

२१ मार्च
एक मात्रासुद्धा पुढे गेले नाहीत! एकही नाही! माझंच दोनदा चुकलं, कोणाला कळलं नाही. शेवटी मामांनी पानसुपारी पुढे केली आणि अप्पांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं विचारलं, रामनवमीला सुरुवात कशानं करायची? माझ्याकडे बघितलंही नाही मामांनी. चालेल! वायर गुंडाळता गुंडाळता मी रडले.

२२ मार्च
सकाळी कॉफी देताना मी बोटानं कानाकडे खूण करून विचारलं, काल किती ऐकू आलं? "काही नाही गं. दुकानातही नाही. तुझा जीव तांबडीवर दिसला, म्हणून हीच म्हटलं." कॉफी ओतून थंड केली, एक घोट घेतला. "काल तुझ्या बोटांकडे बघून गायलो. पुढल्या वेळी समोर बस. बाजूला बसलीस की मान दुखते."