थोरल्या जावयाची गाडी

मु. अर्धापूर,
दिवाळीनंतरचा सोमवार

आमचे धाकटे साडू श्री. शिवशंकरराव यांना थोरल्या साडूचा, म्हणजे वैजनाथचा, अर्धापूरहून नमस्कार.

इकडे आम्ही बरे आहोत. तिकडे तुम्ही आमच्यापेक्षा बरे असणार, हे धरूनच चालतो. तुमच्या मातोश्रींना दंडवत, पुनमला आशीर्वाद, डाळमिलला भरभराट आणि आपल्या नव्या पिकअपला दीर्घायुष्य. तिची तब्येत कशी आहे? (विचारायची पद्धत म्हणून विचारलं. नव्या गाडीला काय धाड भरलीय.) मागच्या भेटीत मी तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत उभा होतो असं आमच्या सिंधूचं म्हणणं आहे, तेव्हा पुढची लिंबू-मिरची बदलून घ्या. माझ्या मनात काही नव्हतं, पण नजर माणसाला विचारून लागत नाही. हे सगळं फोनवर बोललो असतो. पण पुनम तुमचा फोन स्पीकरवर टाकते आणि मग आमच्या घरच्या गोष्टी मिलमधल्या हमालांनाही पाठ होतात. काही गोष्टी साडूनं साडूलाच सांगाव्यात.

तर गोष्ट आपल्या धाकट्या मेव्हणीच्या, तनुजाच्या साखरपुड्याची. आपल्या सासुरवाडीची रीत तुम्हाला माहीत आहे. नवरीचं आंदण, म्हणजे कपाट, पलंग, गाद्या, भांडीकुंडी, हे थोरल्या जावयाच्या गाडीतून जातं आणि स्टेअरिंगवर तो स्वतः बसतो. नवऱ्याच्या दारात सामान उतरायच्या आधी त्याला कुंकू लावतात, हातात नारळ देतात, आणि तेवढ्या वेळापुरता तो मांडवातला सगळ्यात मोठा माणूस असतो. पुनमचं आंदण लातूरला तुमच्या दारात मीच आणून पोचवलं. (कपाटाच्या कोपऱ्याला जी चेप आहे ती तुमच्याकडच्या लोकांनी उतरवताना पाडलेली आहे. हे मी त्याही वेळी सांगितलं होतं.) तर तनुजाचा साखरपुडा आटोपून मी निघायला माझी जुनी पिकअप चालू केली, तेव्हा आपले सासरे आप्पासाहेब खिडकीशी येऊन काहीतरी बोलायला लागले. गाडीच्या फडफडीत मला एक अक्षर ऐकू येईना. मी गाडी बंद केली, आणि एकदम शांत झालेल्या त्या अंगणात, तनुजाच्या होणाऱ्या सासरच्यांसमोर, सासरेबुवांचा आवाज घुमला: "वैजनाथराव, ह्या बारीला आंदण शिवशंकररावांच्या गाडीत घालावं म्हणतो. तुमची गाडी लई वरडती."

मी हसलो. तुम्हीही हसलात, ते मी बघितलं. सरळच लिहितो, शिवशंकरराव, त्या क्षणी मला तुमचा हेवा वाटला. तुमच्या गाडीचा वाटला, तिच्या थंडगार केबिनचा वाटला, आणि आप्पासाहेब तुमचं नाव घेताना जो मऊ आवाज काढतात त्याचा तर फारच वाटला. घरी येईपर्यंत सिंधूचं एकच चाललं होतं, "पुनीच्या गाडीत पोटातलं पाणीबी हलत न्हाई." काच खाली केली की तिचं बोलणं ऐकू येत नव्हतं, म्हणून मी ती खालीच ठेवली.

आता गाडीचा आजार काय होता ते सांगतो. इंजिनातला धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा एक बिडाचा पंजा असतो, त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. (तुम्हाला माहीत नसेल. नव्या गाडीवाल्याला बॉनेट उघडायची वेळच येत नाही.) त्या पंजाला तडा गेला होता आणि सायलेन्सरपर्यंत न पोचता आवाज तिथूनच बाहेर पडत होता. शहाण्या माणसानं गाडी तडक गॅरेजात नेली असती. पण हेवा वाटलेल्या माणसाला घाई असते, आणि मी पडलो केळीवाला. आमच्याकडे पाण्याचा पाइप फुटला की केळीचं ओलं सोपट, म्हणजे खोडाची चिवट साल, त्यावर करकचून गुंडाळतात, आणि महिनोन् महिने थेंब गळत नाही. मी विचार केला, मॅनिफोल्ड म्हणजे तरी काय, पाइपच. त्यातून पाणी जातं की धूर, याचं सोपटाला काय पडलंय? शेतातून ताजं सोपट आणलं, पंजाला पागोट्यासारखं गुंडाळलं, वरून सुतळी आवळली आणि घड भरून नांदेडची वाट धरली.

शिवशंकरराव, पहिले काही किलोमीटर गाडी अशी चालली की तुमच्या गाडीनं मान खाली घालावी. मी गाणं गुणगुणत होतो. तुम्हाला लातूरहून बोलावून घ्यावं, शेजारी बसवावं आणि दोघांनी मिळून काहीच ऐकू नये, असंसुद्धा मनात येऊन गेलं. मग वाफ आली. वाफेमागून वास आला, आणि नांदेडच्या ऐन चौकात, सिग्नलला, बॉनेटमधून धुराचा लोट निघाला. लोक जमले. एक बाई दुसरीला म्हणाली, केळफुलाची भाजी करपली वाटतं कुणाची. ट्रॅफिकवाल्यानं शिट्टी वाजवायच्या आधी नाक धरलं. सोपट सुटून फॅनच्या पट्ट्याभोवती गुंडाळलं गेलं होतं आणि सुतळीचा मागमूस नव्हता. तशीच ढकलत गाडी दस्तगीरभाईंच्या गॅरेजात नेली.

दस्तगीरभाई आमचे जुने मिस्त्री. त्यांनी बॉनेट उघडलं, आत बघितलं, आणि बिबीला हाक मारून म्हणाले, "अख्तरी, इकडं ये, जरा बघून जा." त्या तोंडाला पदर लावून आल्या, बघितलं आणि परत गेल्या. आतून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता. मी ठणकावून सांगितलं की जुना जोडायचा नाही, भंगारातला आणायचा नाही, कोरा मॅनिफोल्ड बसवायचा, आणि तोही आमच्या साडूच्या गाडीला आहे त्यापेक्षा वरचा. ते म्हणाले, "त्यांच्या गाडीचा ह्या गाडीला बसत न्हाई, वैजनाथभाई. आन तुमचे साडू म्हणजे ते लातूरचे? लई बेस मानूस. मागं हवा भरायला थांबले तर मला चहा पाजून गेले." म्हणजे माझ्या मिस्त्रीला तुम्ही चहा पाजून गेलात आणि मला पत्ता नाही. मी त्यांना लगेच चहा मागवला, सोबत भजी मागवली. भजी तुम्ही दिली होती का, हे आडून विचारून घेतलं. नव्हती दिली.

मग काम सुरू झालं. जुने बोल्ट गंजून इतके घट्ट बसले होते की दस्तगीरभाई म्हणाले, डिझेल सोडू आणि उद्यापर्यंत भिजू देऊ. मला उद्यापर्यंत दम कुठला. ते नमाजाला गेले तेवढ्यात मीच पान्हा लावून जोर केला, आणि एका बोल्टचं मुंडकं माझ्या हातात आलं, धड इंजिनात राहिलं. ते धड काढायला त्यांना जो त्रास झाला तो त्यांनी उर्दूत व्यक्त केला, आणि मी बाहेर रस्त्यावरची रहदारी बघत उभा राहिलो. पण शेवटी नवं पॅकिंग, नवे बोल्ट आणि कोरा करकरीत मॅनिफोल्ड बसला. गाडी चालू केली तेव्हा चालू झाली की नाही, हे बघायला मला हात लावावा लागला.

आता गंमत ऐका. घरी आलो तर कुणीच बाहेर आलं नाही. पूर्वी गाडी फाट्यावर असतानाच सिंधू चहाचं आधण ठेवायची. आता मी ओसरीवर येऊन बसलो तरी चहा नाही. गावातून चकरा मारल्या. एकानं विचारलं, "गाडी इकली का काय? आवाज न्हाई बरेच दिवस." काल गाडी चालू ठेवून आप्पासाहेबांना फोन लावला आणि मोबाइल मुद्दाम बॉनेटजवळ धरला. ते म्हणाले, "काहीच ऐकू येईना झालंय," आणि फोन ठेवून दिला.

असो. लग्नात भेटूच.

आपला,
वैजनाथ

ता. क. : एक बारीक विनंती. लग्नाला आपण एसटीनं यावं. लातूरहून गाड्या भरपूर आहेत, आणि एसटीसारखा आराम नाही. आप्पासाहेबांसमोर एकच पिकअप उभी असली म्हणजे त्यांना निवड करायचा त्रास होणार नाही. त्यांचं वय झालं.

ता. क. २ : अगदी गाडी आणायचीच असली, तर गावाबाहेरच्या बाभळीखाली उभी करा आणि किल्ली गुपचूप माझ्याकडे द्या. नवा मॅनिफोल्ड चांगलाच आहे, पण वेळ सांगून येत नाही.

पुने, हे पत्र तुझ्या दाजीनं तुमच्याकडं धाडायच्या केळाच्या पेटीत ठेव म्हणून माझ्याकडंच दिलं, मी वाचलं. दाजीचं काही ऐकू नका. गाडी आणा आन बरोबर मांडवाच्या दारात लावा. तुमच्या गाडीचं मी उगं कौतुक करती व्हय? मला तर तिच्यात चढायलाबी येत न्हाई, लई उंच हाय. पर वरीसभर मी म्हणून राहिले, गाडी नीट करा, तर हे हालले न्हाईत. तुमचं नाव घेतलं आन पळत नांदेड गाठलं. आप्पालाबी साखरपुड्यात तसं बोलायला मीच लावलं होतं. आंदण आमच्याच गाडीत जायचं हाय, ते पहिल्यापासून ठरलेलं हाय. पर दाजीला आत्ताच सांगू नको. क्लच राहिलाय अजून.
तुझी, सिंधुताई