मेंढीकोट नाव आलं कुठून

४ फेब्रु.
नातीचा पुण्याहून फोन. शाळेत पत्त्यांच्या जुन्या खेळांवर लिहायचंय. लाडीस, झब्बू, मेंढीकोट... नावं कुठून आली, आजोबांना विचार म्हणे. दिवाळीत अर्धांगाचा झटका आल्यापासून ह्यांच्या तोंडून शब्द नाही. समजतं सगळं.

५ फेब्रु.
दश्शीला मेंढी म्हणतात, चारही मेंढ्या एकाच बाजूला गेल्या की कोट. इथवर मलाही ठाऊक. पण मेंढीच का? गडब गावच्या आपल्या आजोबांनी खरं कारण सांगितलंय, अशी ह्यांची फुशारकी. विचारलं की, "सांगीन." लग्न झाल्यापासून तेच! आता कुणाला विचारू?

९ फेब्रु.
पेणहून गफूरभाई आले. कंपनीत एका शिफ्टला होते तेव्हापासून मेंढीकोटात ह्यांचे भिडू. त्यांच्या मते कोट म्हणजे अंगातला कोट, पूर्वी हरलेल्यांना उलटा घालून बसवायचे. ह्यांनी जोरात मान हलवली, नाही. मग काय? ओठ हलले, आवाज नाही. भिंतीकडे तोंड करून बसले. मी आत जाऊन रडून घेतलं, मग चहा टाकला.

१६ फेब्रु.
गफूरभाई परत, पिशवीत पत्त्यांचा कॅट. चौथी म्हणून शेजारची नंदा, माझी भिडू. ह्यांचे पत्ते टॉवेलच्या घडीत उभे केले. हुकमाचं पान मी झाकून ठेवलं. मी चौकटचा एक्का टाकला, नंदाने त्यावर खुशाल मेंढी दिली. ह्यांच्याकडे चौकट नाही. म्हणजे हुकूम उघडायचा, आणि तो तोंडाने मागायचा. खाणाखुणा चालत नाहीत, हा ह्यांचाच जुना नियम. ह्यांनी बोट दाखवलं. मी पान उलटणार तोच गफूरभाईंनी हात आडवा घातला.
"नाय वहिनी. मागू दे त्याला."
असा संताप आला! आजारी माणसाला कसले नियम? नंदा खाली बघत बसली. हे लालबुंद. चहावर साय धरली तरी कुणी हललं नाही.
"...उघड."
घोगरं, अर्धवट. पण उघड! इस्पिक निघालं. ह्यांनी दुर्री मारून मेंढी नेली. एवढ्या आनंदाने मी कधी हरले नव्हते.

१८ फेब्रु.
दोन दिवस तेवढा एकच शब्द. दाराला उघड, डब्याला उघड. काल डॉक्टर येऊन गेले, पुढचं काही सांगता येत नाही म्हणाले.
संध्याकाळी नातीचा फोन, स्पीकरवर टाकला. आजोबा, मेंढीकोट नाव कुठून आलं हो? ह्यांचे ओठ नुसतेच हलले. मी फोन बंद करायला गेले, तर माझ्याकडे बघून अर्ध्या तोंडाने हसले.
"सांगीन."