मागच्या खोलीतलं इंग्रजी

डिचोली,
गुरुवार, १९ नोव्हेंबर १९८७

प्रिय सुमंगलाताई,

नमस्कार. भावजींनाही सांग. हे पत्र नेहमीसारखं उघडल्या उघडल्या आईला वाचून दाखवू नकोस. आधी तू एकटी वाच.

इकडे आम्ही बरे आहोत. मनीषाचा खोकला गेला. तू पाठवलेली सोलं पोचली, वाटेत थोडी चेपली होती, पण आमटीला कळत नाही. शाळेचे पेपर तपासून झाले. राज्य झालं, कोकणी राजभाषा झाली आणि माझ्या संध्याकाळच्या इंग्रजी वर्गाला जागा पुरेनाशी झाली. गेल्या वर्षी मोर्च्यांत एकमेकांवर ओरडणारे मराठीवाले आणि कोकणीवाले आता एकाच बाकावर बसून इंग्रजी शिकतात. बाक अपुरं पडलं की मात्र कोकणीतच भांडतात.

सध्या एकच गोष्ट घोटून घेतो आहे. आपण ‘माझ्याबरोबर’, ‘तिच्याकडे’, ‘आमच्यासाठी’ असं एका शब्दात म्हणतो. इंग्रजीत आधी विथ, टू, फॉर येतं, त्यामागून माणूस येतो, आणि येताना रूप बदलून येतो. ‘आय’ राहत नाही, ‘विथ मी’ होतं. ‘शी’ राहत नाही, ‘टू हर’ होतं. एकट्या माणसाचं सगळ्यांना जमतं. दोन माणसं जोडली की घोटाळा होतो. ‘विथ माय सिस्टर अँड आय’ म्हणतात. ‘आय’ जास्त सभ्य वाटतो. मोठे साहेबसुद्धा असं बोलतात. मी सांगतो, बहिणीला जरा बाजूला काढा, नुसतं ‘विथ आय’ म्हणून बघा. कानाला खटकलं ना? मग ते सुधारा आणि बहिणीला परत आत घ्या.

वर्गात धाकू म्हणून एक आहे, सावंतवाडीकडचा. खाणीवर ट्रकांच्या चिठ्ठ्या फाडतो. तो म्हणाला, “सर, विथ आय चुकीचा कसा? मी आयेवांगडाच रवतंय.” त्याच्याकडे आईला आय म्हणतात, आणि तो आईबरोबरच राहतो. वर्ग हसला. मीही हसलो.

मंगळवारी सगळ्यांना एकमेकांना प्रश्न विचारायला लावले. ‘हू लिव्ज विथ यू?’ तुमच्याबरोबर कोण राहतं? शेजाऱ्यानं उत्तर द्यायचं आणि पुढच्याला विचारायचं. कोणी बायको सांगितली, कोणी भाऊ. शेवटी धाकूनं ‘माय मदर लिव्ज विथ मी’ असं नीट सांगितलं. त्याच्या पुढे कोणी उरलं नव्हतं, म्हणून तो माझ्याकडे वळला. “अँड सर, हू लिव्ज विथ यू?”

“सरांक कित्याक विचारता रे?” मागून एकजण म्हणाला.

“सरांचा इंग्लिश बरां आसा काय नाय, ता बघतंय.”

मी म्हणालो, ‘माय मदर लिव्ज विथ मी.’

वाक्य बरोबर होतं. त्यांनी वहीत उतरून घेतलं.

हा वर्ग आमच्या मागच्या खोलीत भरतो. तू ती पाहिलेली नाहीस. बाबा गेल्यावर आई तुये गावच्या आपल्या घरात चूल पेटती ठेवून शेजारी जाऊन बसायला लागली, तेव्हा मी तुला म्हणालो होतो की आमच्याकडे खाट मांडायला जागा नाही. जागा आहे. खोलीला पूर्वेकडे मोठं जनेल आहे, सकाळचं ऊन आत येतं. मनीषानं खोली झाडून, शेणानं सारवून ठेवली होती. आईचं अंथरूण भिंतीकडे घालायचं की जनेलाकडे, यावर ती आणि शेजारीण बोलतही होत्या. मनीषाला सासूचं करणं जमणार नाही असं मी तुझ्या मनात भरवलं. तसं शब्दांत म्हणालो नाही, पण तुला तसं वाटू दिलं. ती काही बोलली नव्हती. मला तिथे फळा लावायचा होता.

आता देवळातलं.

आईनं कुठे राहायचं, याचा कौल घ्यायला आपण गेलो. दोन घरं असली की दोन्हींचा कौल घ्यायचा, ही आपल्या गावची रीत. तू विहिरीवर पाय धूत होतीस. गुरवानं देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावल्या, तुझ्या चोपड्याच्या घराचं गाऱ्हाणं घातलं आणि उजवी पाकळी पडली, देवीचा होकार. तो मला म्हणाला, “आनी तुजेकडेन?” मी म्हटलं, “तें नाका. इतलेंच पुरो.” त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पाकळ्या ताम्हणात काढून ठेवल्या.

तू आत आलीस आणि विचारलंस, तुझ्या घराचं काय झालं? मी म्हटलं, डावी पडली.

गुरव समईची वात सारखी करत राहिला. तुला वाटलं मला वाईट वाटलं आहे. माझ्या पाठीवर हात ठेवून तू म्हणालीस, “देवीन सांगलां. आतां तोंड कित्याक पाडटा?” ताई, माझ्या घराचं देवीला कोणी विचारलंच नव्हतं. तिच्या नावावर नकार मी दिला.

एवढ्यावर मी कदाचित गप्प राहिलो असतो. राहिलोच होतो. तू लिहिलंस की भावजी हल्ली बाहेर बल्कांवात झोपतात, त्यांना तिथला वारा बरा लागतो. मी ते वाचून बाजूला ठेवलं. आतली खोली आईला दिल्यावर ते दुसरीकडे कुठे झोपणार, हे मला कळत होतं.

गेल्या रविवारी मी शिवोलीहून चोपड्याच्या फेरीबोटीत बसलो. आईला भेटायचं ठरवून निघालो होतो. भावजी कामावर होते, गळ्याला मफलर गुंडाळलेला. दोरी सोडता सोडता म्हणाले, “मांयक मात्शें सांग. शुक्रारा जेवना ती.” मी विचारलं, का? “तुज्या घराचेर डावो कौल पडलो न्हय? तुज्या घरांत कितें तरी उणें आसा म्हणटा. तें वचूंक जाय म्हणून उपास.” माझ्या घरातलं उणं जावं म्हणून आई शुक्रवारी जेवत नाही. मग भावजी हसून म्हणाले, “सुमंगला सांगून थकली. तुजें आयकतली. तूं मास्तर.”

फेरी चोपड्याला लागली. लोक उतरले. मी उतरलो नाही. शाळेतलं काम आठवलं असं भावजींना सांगितलं आणि त्याच फेरीतून परत गेलो. त्यांनी तुला हे सांगितलं नसेल. ते सांगणाऱ्यांतले नाहीत.

आणि त्यानंतरच्या मंगळवारी मी वर्गात ते वाक्य बोललो.

आज सकाळी बाकं बाहेर काढली. धाकूनं एक टोक धरलं. “सर, वर्ग बंद?” मी म्हटलं, वर्ग ओसरीवर भरेल, ही आईची खोली आहे. “मगे आय खंय गेली?” म्हणाला. मी बाकाचं दुसरं टोक उचललं. बाकं काढून मगच पत्र लिहायला बसलो, कारण पत्र लिहून झाल्यावर मला मोकळं वाटलं असतं आणि बाकं तिथेच राहिली असती. मी मला ओळखतो.

मनीषाला काल सगळं सांगितलं. ती आत गेली आणि जनेल उघडून खोली परत झाडायला लागली.

रविवारी येतो. या वेळी उतरेन. गुरवाकडे आणि देवीपुढे जाऊन काय सांगायचं ते माझं मी सांगेन. पुन्हा कौल घ्यायचा नाही. आईला विचारायचं आहे. त्या दिवशी ती बाहेर मंडपात बसून दुसऱ्या कोणाच्या तरी हारासाठी फुलं निवडत होती, आणि आपण दोघांपैकी कोणीही तिला विचारलं नाही की तुला कुठे राहायचं आहे. तुझा त्यात दोष नाही. तू देवीवर विसंबलीस आणि माझ्यावर. ती चोपड्यालाच राहते म्हणाली तर राहू दे. आमची खोली तिच्यासाठी रिकामी असेल. ती येवो न येवो, भावजींना आत झोपायला जागा करायची जबाबदारी माझी.

उद्या शुक्रवार. टपालात टाकलं तर वेळेत पोचणार नाही, म्हणून पत्र शिवोलीच्या बसच्या कंडक्टरकडे देतो आहे. तो सकाळी फेरीवर भावजींच्या हातात देईल.

आता आईला वाचून दाखव. दुपारी, ताट वाढून तिच्यासमोर ठेव आणि मग वाच. देवळाचं गाळू नकोस. फेरीचंही गाळू नकोस.

ती जेवली का, ते कंडक्टरकडे सांगून पाठव.

दत्ता